भंगारातून आणलेली मंगलाष्टकं

माझ्या दोस्ताच्या मुलीचं लग्न सहा दिवसांवर आलं होतं, आणि मी मेहकरच्या एका भंगारवाल्याच्या आवारात, मे महिन्याच्या उन्हात, मोडक्या फ्रिजच्या दारांखाली वाकून चार वर्षांपूर्वी मीच विकलेला कॉम्प्युटर शोधत होतो. दोस्त बाजूला उभा होता. तो काही बोलत नव्हता, कारण त्याला बोलता येत नाही. नऊ वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरमध्ये त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला भोक आहे, त्यावर पांढरा रुमाल बांधलेला असतो आणि खांद्याच्या पिशवीत पोरांची असते तशी पाटी. मोबाईलवर लिही म्हटलं तर एक अक्षर दाबताना त्याचं बोट शेजारची दोन दाबतं. म्हणून पाटीच.

हा माणूस एके काळी आवाजावर जगत होता. राहणारा सुलतानपूरचा, पण मेहकर ते लोणार त्याचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून जी जाहिरात गावोगाव फिरते, साड्यांचा सेल असो, बियाण्याचं दुकान असो नाहीतर कोणाची हरवलेली म्हैस, ती त्याच्या आवाजात असायची. बसस्टँडजवळ माझी एक खोली होती, तिथे आम्ही ती रेकॉर्ड करायचो. तो माईकवर बोलायचा, मी कॉम्प्युटरवर घ्यायचो, मागे थोडं संगीत भरायचो आणि गिऱ्हाइकाला सीडी द्यायचो. पण त्याची खरी इज्जत होती ती मंगलाष्टकांमुळे. आमच्याकडे लग्नात ज्याचा गळा चांगला त्याच्या हातात माईक देतात, आणि हा मांडवात असला तर माईककडे दुसरा कोणी बघतही नसे. त्याने 'सावधान' म्हणताना शेवटचा सूर लांबवला की मांडवाबाहेरचे आचारीसुद्धा हातातला झारा थांबवायचे. मी त्याला म्हणायचो, तू गातोस कमी आणि भाव खातोस जास्त. तो हसायचा, कारण ते खरं होतं.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने माझ्यासमोर पाटीवर लिहिलं, 'मंगलाष्टकं मीच म्हणीन.' मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. मग त्याने ते पुसून खाली लिहिलं, 'तुह्या कॉम्प्युटरात हायेत.'

होती खरी. एकदा एकाच मुहूर्तावर सात-आठ ठिकाणी लग्नं लागली होती आणि सगळ्यांना हाच हवा होता. शेवटी एका मांडववाल्याने गळ घातली म्हणून माझ्या खोलीत बसून त्याने एका दुपारी सगळी मंगलाष्टकं रेकॉर्ड केली. मला ती दुपार आठवत होती. मला आठवत नव्हतं ते एवढंच, की कॉम्प्युटर विकला तेव्हा ती त्यात शिल्लक होती की नव्हती. त्याची हार्डडिस्क कायम भरलेली असायची आणि मी अधूनमधून साफसफाई करायचो. मी म्हणायला हवं होतं, 'माहीत नाही बे, पाहावं लागीन.' मी काय म्हटलं? 'हाव, हायेत ना. जातील कुठं?'

हे म्हटलं तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. आवाज गेल्यापासून तो इतका खुललेला मी पाहिला नव्हता. त्यानंतर तोंडातून गेलेला शब्द मागे घ्यायची हिंमत मला झाली नाही. माझी जीभ आयुष्यभर अशीच माझ्या आधी धावत आली आहे आणि मी तिच्या मागे धापा टाकत.

कोणी म्हणेल, एवढ्या लग्नांत गायलेला माणूस, कुठल्यातरी व्हिडिओत सापडेल की. आम्ही शोधलं. त्या मांडववाल्याला दिलेली सीडी केव्हाच फुटून गेली होती. आमच्या भागातले शूटिंगवाले भारी कलाकार. नवरा-नवरीवर अक्षता पडताना दिसतात आणि वर सिनेमाचं गाणं वाजतं. दोस्ताचं तोंड हलताना दिसतं, आवाज कुठल्यातरी गायिकेचा. दोघा-तिघांकडे मोबाईलवर घेतलेलं निघालं, पण त्यात डफडं, पोरांची रडारड आणि कोणीतरी कोणाला तरी 'सरक ना बे' म्हणतंय. त्या गोंधळात त्याची अर्धी ओळ. ती ऐकून त्याने मान हलवली होती, नको म्हणून.

भंगारवाला चाचा तसा भला माणूस. तो म्हणाला, 'आपण काही फेकत नाही भाई. जिथं ठेवलं तिथंच असते सामान, फक्त त्याच्यावर दुसरं सामान येते.' त्याच्यावर फ्रिजची दारं आली होती, एक पिठाची गिरणी आली होती आणि एका कोंबडीने संसार मांडला होता. कॉम्प्युटरचा डबा मी ओळखला तो कुंकवाच्या स्वस्तिकावरून. दर दसऱ्याला तेलात कुंकू कालवून मी ते काढायचो, आणि तेल मुरून ते पत्र्यावर कायमचं बसलं होतं. दोस्ताने डबा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. मी म्हटलं, दे इकडे, रुमालाला धूळ लागीन. तो देईना.

घरी आणून पुसला, वायर लावली, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, पंखा फिरला. माझ्या घरातला चांगला मॉनिटर त्याला जोडला होता, तो म्हणाला, नो सिग्नल, आणि काळा झाला. बस. पुढचे चार दिवस मी तेच दोन शब्द वाचत राहिलो.

कॉम्प्युटरचं मला कळतं, पण ते माझ्या काळातलं. आधी मॉनिटर दुसऱ्या मशीनला लावून पाहिला, चालत होता. वायर बदलली. पॉवर सप्लाय बदलला. सेल बदलला. ज्याला रॅम म्हणतात ती पट्टी काढून खोडरबराने तिचे दात घासले, कारण दहापैकी नऊ वेळा दुखणं तिथेच असतं, आणि परत बसवली. नो सिग्नल. मशीन बिघडलं की ते आतल्या आत बारीक शिट्टी देऊन सांगतं, काय बिघडलंय ते. हे तेवढंही सांगेना.

दोस्त रोज दुपारच्या एसटीने सुलतानपूरहून यायचा. लग्नघर सोडून यायचा. तिकडे मांडव, किराणा, पाहुण्यांच्या गाड्या, आणि हा इकडे माझ्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा. मी शिव्या देत स्क्रू काढायचो, तो स्क्रू झाकणात गोळा करायचा. कधीतरी पाटी पुढे करायचा, 'झालं का?' मी सांगायचो, 'होऊन राह्यलं ना बे, घाई कायले करतं?' खरं तर काहीच होत नव्हतं. मंगळवारी मला मनातून कळून चुकलं होतं की हे उठणार नाही. पण त्याच्यासमोर हात टेकायचे कसे? मग मी नुसतंच उघडायचो आणि लावायचो. काम चालू आहे असं दिसावं म्हणून.

बुधवारी मोबाईल दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने शहाणपणाची गोष्ट सांगितली, की डबा मरू द्या, हार्डडिस्क काढा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. ती जुनी, रुंद पट्टीसारख्या वायरीची होती. तो कुठूनसा कन्व्हर्टर घेऊन आला. डिस्क फिरली, घरघर झाली, पण नवा कॉम्प्युटर तिला ओळख द्यायलाच तयार नाही. तासभर खटपट करून तो म्हणाला, 'काका, ही तिच्या घरच्याच मशीनशी बोलन. नाहीतर अकोल्याले पाठवा, दहा-पंधरा दिवस लागतील.' लग्न रविवारी. दोस्ताने ते ऐकलं, पाटी काढली, काही लिहिलं नाही, परत पिशवीत ठेवली. मला त्या मोबाईलवाल्याचा फार राग आला. त्याची काहीच चूक नव्हती.

गुरुवारी डोळ्यांवर चष्मा चढवून, हातात बॅटरी घेऊन मी रॅमची पट्टी जिथे बसते त्या फटीत पाहिलं. आत लालसर, पिवळसर थर. मला वाटलं गंज. दाभणाच्या टोकाने खरवडलं तर बोटाला आलं कुंकू. त्याच्याखाली हळद. आणखी खाली तांदळाचा एक दाणा, काळा पडलेला.

मग सगळं आठवलं. बाकीचे दुकानदार दसऱ्याला बाहेरून डब्याला हळद-कुंकू लावून मोकळे होतात. मला ते पटायचं नाही. पूजा करायची तर यंत्राची करावी, पत्र्याची काय करायची? म्हणून मी दरवर्षी बाजूचं झाकण काढून आत, अगदी त्याच्या काळजावर, हळद-कुंकू वाहायचो, अक्षता टाकायचो, फुलाने पाणी शिंपडायचो आणि हात जोडून झाकण लावायचो. इतक्या वर्षांचं ते सगळं त्या फटीत जाऊन बसलं होतं. चालू होतं तोवर चाललं. भंगारात चार पावसाळ्यांची ओल लागली आणि त्याचं सिमेंट झालं.

बायको चहा घेऊन आली होती. तिने फट पाहिली, माझं बोट पाहिलं आणि म्हणाली, 'म्हणजे तुम्हीच पुजून पुजून मारलं त्याले.' दोस्त खांदे हलवून हसला. त्याचं हसणं म्हणजे रुमालातून येणारी हवा. मीही हसलो, पण मला लाज वाटत होती.

मोबाईलवाल्याकडून स्पिरिट आणलं. जुना टूथब्रश, सुई, बायकोच्या जुन्या लुगड्याची चिंधी. दोन तास फट साफ केली, दातांमधून कुंकू काढलं, आणि मशीन गच्चीवर सावलीत वाळत घातलं. त्या रात्री मी देवाला हात जोडले नाहीत. पुन्हा काही वाहायची भीती वाटली.

शुक्रवारी दोस्त मुलीला घेऊन आला. तिचे ब्लाउज मेहकरच्या शिंप्याकडे होते. मी तिला लहानपणापासून पाहत आलो, शाळा सुटली की माझ्या खोलीत दप्तर टाकून बापाची वाट पाहत बसायची. आता हाताला मेंदीची लाली, केस धुतलेले, कपाळावर टिकली. 'काका, होते का सुरू?' तिने विचारलं. म्हणजे तिलाही सांगून झालं होतं. मी हार्डडिस्क परत तिच्या घरी बसवली आणि म्हटलं, 'पाहू.'

बटण दाबलं. दिवा, पंखा. आणि मग आतून एक बारीक आवाज आला, टुक. पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली.

मला स्वतःला खरं वाटेना. दोस्त खुर्चीतून उठून माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला आणि त्याने माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखला. एकेक करून जुनं सगळं आलं. हिरव्या टेकडीचं चित्र, घड्याळ भलत्याच वर्षात अडकलेलं, आणि कोपऱ्यात माझी दोन फोल्डर. माझी कामाची रीत अशी होती, की जाहिरात पूर्ण झाली की ती 'तयार'मध्ये टाकायची. आणि रेकॉर्डिंगमधून जे कापलं, अडखळलेला शब्द, चुकीची ओळ, खाकरणं, ते फेकून न देता 'कचरा'मध्ये टाकायचं, कारण कधीकधी कापलेलं परत लागतं.

'तयार' उघडलं. आत काही नव्हतं.

त्या क्षणी मला कॉम्प्युटर विकायच्या आदल्या दिवसाची सकाळ लख्ख आठवली. मी चहा पीत बसलो होतो. लोकांचा माल असा भंगारात देणं बरोबर नाही म्हणून मी सगळं एकदम निवडलं आणि पुसलं. शिस्तीत पुसलं, परत येऊ नये असं. 'कचरा' कोण पाहतो म्हणून तो तसाच राहिला.

'पुसल्या गेलं,' मी म्हटलं. मागे वळून पाहायची हिंमत नव्हती. खांद्यावरचा हात निघाला. मग माझीच जीभ पुन्हा पुढे धावली. 'थांबा, थांबा. कचऱ्यात एखादं अष्टक राह्यलं असन. तो चुकला असन तर दोनदा घेतलं असन ना.' कचऱ्यात शेकडो तुकडे होते, प्रत्येकाला मी तारखेचं नाव दिलेलं. सगळ्यात जुन्यापासून लावत गेलो.

पहिल्याच तुकड्यात तो होता. 'थांब बे, पुन्हा घे,' एवढंच. मुलीने तोंडावर हात ठेवला. नऊ वर्षांनी बापाचा आवाज घरात झाला होता, आणि तो मला बे म्हणत होता. ती रडत रडत हसली. 'आणखी लावा ना काका,' म्हणाली. मी लावत गेलो. अडखळलेले शब्द, साड्यांऐवजी माड्या म्हणून गेलेला, पाणी मागितलेलं, माझ्या संगीताला दिलेली शिवी. आम्ही तिघंही हसत होतो. अष्टक अजून आलं नव्हतं, पण आता येईलच असं मला वाटायला लागलं.

मग एका तुकड्यात नुसता खोकला आला. पुढच्यात घसा खाकरणं. मग एक शब्द, आणि खोकला. मी पुढे गेलो. प्रत्येक तारखेला आधी एक, मग दोन, मग चार-चार तुकडे, आणि सगळ्यांत तेच. शब्द कमी होत गेले. खोकला कोरडा होता आणि मध्येच आवाज फाटायचा, मग तो पुन्हा खाकरायचा, पुन्हा सुरू करायचा, पुन्हा फाटायचा. आता कोणी हसत नव्हतं. मी थांबवायला हवं होतं. पण हात चालूच राहिला, त्याच्या शेवटच्या तुकड्यापर्यंत. अष्टक कुठेच नव्हतं.

'काका,' मुलगी म्हणाली, 'पहिल्या खोकल्यापासून या शेवटच्यापर्यंत किती दिवस झाले?'

तारखा समोरच होत्या. 'सव्वा वर्ष,' मी म्हटलं.

'डॉक्टर म्हणले होते,' ती म्हणाली, 'सहा महिने आधी आणलं असतं तर आवाज वाचला असता. माय म्हणे, आमाले समजलंच नाही. घरात तर ते लई बोलतच नव्हते, आवाज जपून ठेवत.' आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. 'तुम्ही ऐकत होते.'

मी ऐकत होतो. कानाला हेडफोन लावून, आवाज मोठा करून, रोज. त्या सव्वा वर्षात त्याचा घसा माझ्याइतका जवळून कोणी ऐकला नसेल. मी प्रत्येक खोकला शोधला, त्याच्या दोन्ही बाजूंना खूण केली, कापला आणि शब्दाला शब्द असा जोडला की भोंग्यावर कोणाला कळू नये. मला त्याचा अभिमान होता. एकदाही मला वाटलं नाही, की याला म्हणावं, दाखव कोणाला तरी. मी चिडायचो, की काम वाढवतोस.

दोस्ताने पाटी काढली. बराच वेळ लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग ती माझ्या मांडीवर ठेवली. 'खोकला काय साफ कापत होता तू बे. मलेच कधी ऐकू आला नाही.'

ते त्याने कौतुकाने लिहिलं होतं. त्याचा चेहरा पाहून मला ते नक्की कळलं, आणि म्हणूनच मला तिथे बसवेना. मुलीने पाटी वाचली, ब्लाउजची पिशवी उचलली आणि म्हणाली, 'बाबा, साडेचारची गाडी हाये.'

लग्न रविवारी वेळेवर लागलं. मंगलाष्टकं नवरदेवाकडच्या एका मास्तरांनी मोबाईलमध्ये पाहून म्हटली. बरी म्हटली. दोस्त अंतरपाटाच्या बाजूला ओठ मिटून उभा होता आणि 'सावधान' झालं की सगळ्यांच्या बरोबर अक्षता टाकत होता. जेवणाआधी नवरा-नवरी ओळीने मोठ्यांच्या पाया पडत आली. माझ्या अलीकडे एक म्हातारे होते, त्यांच्या पाया पडली. मग मला सोडून माझ्या पलीकडच्या बाईंकडे गेली. इतकं सहज, की कोणाच्या लक्षात आलं नाही. दोस्ताच्या आलं. त्याने दोन टाळ्या वाजवल्या, हाक मारायची त्याची आता तीच रीत आहे, आणि बोटाने माझ्याकडे दाखवलं. ती परत आली, नवऱ्यालाही घेऊन आली आणि वाकली. मी डोक्यावर हात ठेवून 'सुखी राहा' म्हटलं. तिने वर पाहिलं नाही. शेला सावरला आणि पुढच्या माणसाकडे गेली.